ओहोटीला केलेली दुरुस्ती

हृदयातला लीक होणारा व्हॉल्व, म्हणजे रक्त उलटं जाऊ न देणारी झडप, दुरुस्त करणाऱ्या सर्जनला एका माणसात एकच दुरुस्ती करायला मिळते. ऐकायला हे इतकं साधं वाटतं की कोणी त्यावर थांबत नाही, पण नीट बघितलं तर या एका गोष्टीवरून हार्ट सर्जन मंडळी कित्येक वर्षं एकमेकांशी भांडतायत. म्हणजे बघा, एकाने व्हॉल्वच्या पाकळीचा सैल भाग कापून काढला, उरलेलं शिवलं आणि पेशंट दहा वर्षं ठणठणीत राहिला. दुसऱ्याने दुसऱ्याच पेशंटमध्ये काहीही न कापता पाकळीला धरून ठेवणारी नवीन दोरी बांधली, तो पण दहा वर्षं ठणठणीत. आता चांगलं कुठलं? पहिल्याला दोरी बांधली असती तर काय झालं असतं हे देवालाच ठाऊक, आणि देव कॉन्फरन्सला येत नाही. त्यामुळे जो तो आपल्या गुरूची पद्धत छातीठोकपणे सांगतो (या लोकांच्या बाबतीत हा शब्द अगदीच चपखल बसतो).

लॅबमध्ये मात्र गंमत वेगळी. तिथे एकच व्हॉल्व घ्यायचा, तो चांगला असताना मोजायचा, मग मुद्दाम बिघडवायचा, बिघडलेला मोजायचा, मग एका पद्धतीने दुरुस्त करून मोजायचा, टाके काढायचे, दुसऱ्या पद्धतीने करायचा, परत मोजायचा. तोच व्हॉल्व, तेच प्रेशर, तोच सर्जन. जिवंत माणसात हे जगात कोणालाच कधी करता येणार नाही. मला विचाराल तर व्हॉल्वच्या लॅबची खरी किंमत इथे आहे, त्या थ्रीडी प्रिंटर आणि लेझर वगैरेत नंतर.

मी डॉक्टर नव्हे. पणजीत हॉस्पिटलांना मशिनं पुरवणारी एक छोटी कंपनी आहे तिथे सर्व्हिसला आहे, आणि गोवा म्हणजे कॉन्फरन्सचं माहेरघर असल्यामुळे आमच्याकडे एक जादा काम असतं, ते म्हणजे वेट लॅब उभी करून देणं. अर्ध्या भारतातले डॉक्टर डिसेंबर-जानेवारीत बायकामुलांना घेऊन इथे येतात, मुलं कळंगुटला पाण्यात आणि हे लोक हॉटेलच्या एका एसी हॉलमध्ये प्लास्टिकचे ॲप्रन घालून जनावराच्या हृदयावर टाके घालत बसतात. टेबलं, लाइट, सक्शन, पाण्याची सोय, कचऱ्याची विल्हेवाट हे सगळं आमच्याकडे. आणि हृदयं पण.

हृदयं म्हणजे डुकराची. आकाराने माणसाच्या जवळ जातात, आणि गोव्यात मिळायला कठीण नाहीत. म्हापशाच्या मार्केटात एक ओळखीचा विक्रेता आहे, त्याला आदल्या दिवशी फोन करावा लागतो. पहिल्यांदा एवढी मोठी ऑर्डर ऐकून तो म्हणाला, "इतलीं काळजां कित्याक रे तुका? सोरपातेल करतलो?" त्याची शंका रास्त होती, सोरपातेल म्हणजे डुकराच्या मांसाचा आमच्याकडचा पदार्थ, त्यात हृदय पडतंच. त्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागते, की बाबा रे, कापू नकोस. कत्तलीनंतर हृदयावर चीर देऊन आतलं रक्त काढून टाकायची आणि तपासायची पद्धत असते, आणि ती चीर नेमकी आपल्याला हव्या त्या जागेतून गेली की ते हृदय सोरपातेलाशिवाय कशाच्याच कामाचं राहत नाही. ऑफिसच्या फ्रीजमध्ये काय ठेवलेलं असतं हे मी घरी आईला अजून सांगितलेलं नाही, डबा त्याच फ्रीजमध्ये ठेवतो हे तर मुळीच नाही.

डावा वरचा कप्पा उघडला की खाली मायट्रल व्हॉल्व दिसतो. दोन पाकळ्या, पुढची रुंद आणि मागची अरुंद पण लांबच लांब, दोन्ही इतक्या पातळ की लाइटखाली धरल्या तर पलीकडचं बोट दिसतं. पाकळ्यांच्या कडांपासून आणि खालच्या अंगापासून पांढऱ्या चकचकीत दोऱ्या निघतात आणि खाली स्नायूच्या दोन खांबांना जाऊन मिळतात. पाकळ्या ज्या गोल कड्याला लागलेल्या असतात ते कडं पण सपाट नाही, जरा वर-खाली वळलेलं. हे सगळं मिळून एक व्हॉल्व. कडं, पाकळ्या, दोऱ्या, खांब आणि ज्या भिंतीला खांब लागलेत ती हृदयाची भिंत, यातलं काहीही बिघडलं की लीक सुरू. फ्रान्सच्या अलाँ कार्पेंतिए यांनी याची जी वर्गवारी केली ती अजूनही सगळे वापरतात: पाकळ्यांची हालचाल ठीक आहे पण कडं पसरलंय, हा पहिला प्रकार. दोरी तुटली किंवा लांबली आणि पाकळी वरच्या कप्प्यात झोकांडतेय, हा दुसरा. आणि पाकळी आखडल्याने किंवा ओढली गेल्याने नीट हलतच नाही, हा तिसरा. १९८३ मध्ये त्यांनी आपली सगळी पद्धत एका लेखात मांडली, तिला 'फ्रेंच करेक्शन' म्हणतात.

आता हे मला का समजलं, तर मी मडकईचा. आमच्याकडे खाजन आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली सखल जमीन, भाताची, आणि मानस म्हणजे त्या बांधात बसवलेलं लाकडी दारांचं तोंड. भरती आली की नदीचं पाणीच दारं दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही, दाराला स्वतःची काही अक्कल नाही, दोन बाजूंच्या पाण्याच्या जोरातला फरक काय तो. हृदयातला व्हॉल्व अगदी असाच चालतो. तो स्वतः काही करत नाही. खालचा कप्पा आवळला की आतलं प्रेशर १२० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतं, वरच्या कप्प्यात असतं जेमतेम १०, आणि या फरकानेच पाकळ्या धाडकन मिटतात. हिशोब केला तर मिटलेल्या व्हॉल्ववर एक किलोच्या आसपास भार येतो, मिनिटाला सत्तर वेळा, दिवसाला लाखभर वेळा. मानशीला दिवसाचे दोन.

आणि मानस लीक व्हायला लागली की काय होतं ते आम्ही बघितलेलं आहे. एकदम काही होत नाही. आधी दाराजवळच्या दोन कोपऱ्यांत भात पिवळं पडतं, कोरगूट जातीचं असलं तर तेही नाही कारण कोरगूटाला मीठ सोसतं, मग पुढच्या वर्षी जरा आत, आणि ज्या वर्षी सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं तोपर्यंत पाण्याने दाराच्या बाजूची माती खाऊन फट दुप्पट केलेली असते. मग खाजनातल्या शेतकऱ्यांच्या टेनंट असोसिएशनची मीटिंग. व्हॉल्वचं हेच: रक्त उलटं वरच्या कप्प्यात जातं, कप्पा फुगतो, कडं ताणलं जातं, पाकळ्या एकमेकींपासून आणखी लांब जातात, लीक आणखी वाढतं. माणूस दोन जिने चढून धापा टाकायला लागतो आणि म्हणतो, वय झालं.

पण मुद्दा वेगळा आहे. मानशीची दुरुस्ती करायची ती ओहोटीला. पाणी उतरलेलं असतं तेवढ्या वेळात फळी बदला, फटीत चिखल-पेंढा कोंबा, जे काय ते. काम झाल्यावर सगळे उभं राहून बघतात आणि मान डोलावतात, पण काम झालं की नाही ते भरती आल्यावरच कळतं.

हार्ट सर्जन पण ओहोटीलाच काम करतो. हृदय थांबवलेलं, रक्त सगळं हार्ट-लंग मशीनमधून फिरतंय, स्नायू मऊ पडलेले. अशा लुळ्या हृदयात तो पाकळीला नवी दोरी बांधतो, म्हणजे गोर-टेक्सचा धागा, पाकळीची कड ते खांब. ती किती लांब ठेवायची? लांब झाली तर पाकळी परत वर झोकांडणार, आखूड झाली तर पाकळी खाली खेचली जाऊन दुसरीला भिडणारच नाही. आणि हा धागा गुळगुळीत, गाठ मारता मारता सरकते, म्हणून एकावर एक सात-आठ गाठी मारतात. काही लोक आधी कॅलिपरने चांगल्या दोरीची लांबी मोजून त्या मापाचे लूप टेबलावरच तयार करून घेतात. हे झालं की मग टेस्ट: मोठ्या सिरिंजने सलाईन व्हॉल्वमधून खालच्या कप्प्यात मारायचं, कप्पा भरला की पाकळ्या फुगून मिटतात, कुठून पाणी परत येतंय का ते बघायचं. मिटल्याची रेघ छान वळणदार आली की सगळे खूश.

एका वर्कशॉपला, आमच्याकडे नेहमी येणारे एक ज्येष्ठ सर्जन (त्यांना सगळे सर म्हणतात, मी पण), त्यांनी शिकाऊ मंडळींना ही सलाईन टेस्ट करू दिली, पाच-सहा जण पास झाले, टाळ्या. मग मला म्हणाले, "एक बादली आण आणि त्या कपाटावर चढव." १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा साधारण १६३ सेंटिमीटरचा स्तंभ, एवढी उंची धरून आम्ही कपाटावर बादली ठेवली, बादलीला खाली जाड पाइप, पाइपचं टोक हृदयाच्या खालच्या टोकातून डाव्या खालच्या कप्प्यात, बाहेर जाणारी महाधमनी बांधून टाकलेली. नळ सोडला. हृदय टरारून फुगलं, आणि मघाशी टाळ्या मिळालेल्या एका व्हॉल्वची मागची पाकळी मधोमध उचलली गेली आणि तिथून पाणी असं उडालं की ॲप्रन असूनही सरांचा शर्ट ओला. दोरी तीन-चार मिलिमीटर लांब झाली होती, बाकी काही नाही. सिरिंजच्या जोराला ती पुरली, बादलीला नाही. त्या मुलाने गाठ कापून दोरी आखूड केली, परत नळ, आता थेंबभर. त्याच हृदयात, पाच मिनिटांत. ऑपरेशन थिएटरमध्ये हेच कळायचं असेल तर आधी हृदय परत चालू करायचं, मग अन्ननलिकेतून घातलेल्या इको प्रोबवर बघायचं, आणि लीक दिसलं तर परत हृदय थांबवायचं. प्रत्येक परतीला पेशंटचा वेळ जातो, आणि थांबलेल्या हृदयाकडे वेळ मोजकाच असतो.

आमची बादली म्हणजे गरीबाची लॅब. खऱ्या लॅबमध्ये भरती-ओहोटी दोन्ही करतात. पारदर्शक पेट्या, त्यांच्यामध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या चौकटीवर डुकराचा अख्खा मायट्रल व्हॉल्व शिवलेला, खांब दोन दांड्यांना पकडलेले, आणि एका बाजूने कॉम्प्युटरवर चालणारा पिस्टन पंप मिनिटाला ७० ठोक्यांनी पाच लिटर सलाईन ढकलतोय, सरासरी प्रेशर १००. पुढे किती गेलं, मागे किती आलं हे फ्लो मीटर सांगतो. वरून हायस्पीड कॅमेरा. अमेरिकेत जॉर्जिया टेकला अजित योगनाथन म्हणून मूळचे श्रीलंकेचे इंजिनियर, त्यांनी अशा मशिनांवर अख्खी कारकीर्द काढली. स्टॅनफर्डला सर्जन जोसेफ वू यांच्या गटाने तर दोऱ्यांमध्येच ऑप्टिकल फायबरचे सेन्सर बसवले, फायबरची जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी, म्हणजे व्हॉल्व चालू असताना कुठल्या दोरीवर किती ताण येतो तो ठोक्यागणिक दिसायला लागला.

आणि तो ताण सगळीकडे सारखा नसतो हे फार महत्त्वाचं. पुढच्या पाकळीच्या पोटाला लागलेल्या जाड दोरीवर लॅबमध्ये शंभर ग्रॅमच्या जवळपास ताण भरतो, कडेच्या बारीक दोऱ्यांवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण कडेची एखादी तुटली की तिचा वाटा शेजारणींवर जातो, आणि शेजारणी त्या भारासाठी बनलेल्या नसतात, त्या पण ताणतात. म्हणजे लीक बंद झालं एवढं पुरेसं नाही, उरलेल्या दोऱ्यांवरचा भार पहिल्यासारखा झाला का, हे बघायला हवं. बाहेरून दोन दुरुस्त्या सारख्याच दिसतात, दोन्हीत थेंब नाही, आणि एकीत मात्र एक दोरी बिचारी दुप्पट राबतेय. इको मशीनवर हे दिसत नाही. मला हे कळलं तेव्हा खरंच जरा अस्वस्थ व्हायला झालं.

या सगळ्याचा आद्यपुरुष म्हणून लिओनार्दो दा विंचीचं नाव घेतात आणि ते उगाच नाही. १५१३ च्या सुमाराला त्याने बैलाच्या हृदयात मेण ओतून साचा काढायचा आणि त्यावरून महाधमनीच्या तोंडाची काचेची प्रतिकृती करायची, आत पाण्याबरोबर गवताचं बी सोडायचं आणि प्रवाह कसा वळतो ते बघायचं असं लिहून ठेवलं. व्हॉल्वमागच्या फुगीर भागात पाण्याचे भोवरे होतात आणि त्यांच्यामुळे व्हॉल्व मिटायला मदत होते हे त्याने ताडलं होतं, आणि विसाव्या शतकात प्रयोगांत ते भोवरे दिसले. साडेचारशे वर्षं लोटली मध्ये. सर म्हणतात त्याला सर्जन केलं असतं तर पेशंट टेबलावर ठेवून चित्र काढत बसला असता.

सगळ्याच कल्पना लॅबमधून येत नाहीत हेही सांगायला हवं, उलट बहुतेक ऑपरेशन थिएटरमधून येतात आणि लॅब मागून धावत जाऊन त्या तपासते. मिलानचे ओत्ताव्हियो आल्फिएरी, १९९१ मध्ये त्यांनी दोन पाकळ्यांच्या कडा मधोमध एकमेकींना सरळ टाका घालून जोडल्या. एका दाराची दोन दारं झाली. ऐकायला वेडेपणा वाटतो, आणि तेव्हा बऱ्याच जणांना वाटला पण. दार अर्धं शिवल्यावर रक्त जायला अडथळा नाही होणार? मग मिलानमध्येच इंजिनियरांबरोबर हिशोब झाला आणि निघालं असं की एक मोठं तोंड काय किंवा दोन छोटी काय, एकूण क्षेत्रफळ तेवढंच असेल तर प्रवाहाला फारसा फरक पडत नाही. दुसरा प्रश्न, त्या टाक्यावर ताण कधी येतो? कोणालाही वाटेल की व्हॉल्व मिटताना, सगळा जोर तेव्हाच तर असतो. मेंढ्यांवर मोजलं तर जास्तीत जास्त ताण व्हॉल्व उघडताना निघाला, आणि कडं जितकं पसरलेलं तितका जास्त. म्हणजे नुसता टाका घालून कडं तसंच ढिलं सोडलं तर प्रत्येक ठोक्याला कडं तो टाका उसवायला बघतं, म्हणून सोबत कड्याला रिंग घालून ते आवळायचं. पुढे याच टाक्यावरून मांडीच्या शिरेतून नेऊन बसवायची क्लिप निघाली, मायट्राक्लिप, जी आज छाती न उघडता बसते.

आणि ते कापायचं की नाही कापायचं हे भांडण? पाकळीचा सैल भाग कापून टाकणारे आणि पाकळी जपून नुसत्या दोऱ्या बांधणारे असे दोन पंथच आहेत. २०२० मध्ये कॅनडातल्या गटाने १०४ पेशंटांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून दोन्ही पद्धती तपासल्या, वर्षभराने व्यायाम करताना व्हॉल्वमधला अडथळा मोजला, दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. दोन्ही पंथांनी हा आपला विजय मानला असणार.

आता लॅबबद्दल एवढं चांगलं बोललो तर दुसरी बाजू. लॅबमधला व्हॉल्व मेलेला असतो. त्याला सूज येत नाही, टाक्याभोवती जखम भरत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्या खालची भिंत बदलत नाही. हार्ट अटॅकनंतर जे लीक होतं त्यात पाकळ्या-दोऱ्या बहुतेक धडच असतात, भिंत मेलेली असते, ती बाहेर फुगते आणि खांबांना लांब ओढत नेते. यावर सोपा उपाय म्हणजे कड्याला जरा लहान मापाची रिंग घालून पाकळ्या जवळ आणायच्या. टेबलावर हे सुरेख चालतं. अमेरिका-कॅनडात अशा २५१ पेशंटांची रँडमाइज्ड ट्रायल झाली, निम्म्यांना दुरुस्ती, निम्म्यांना व्हॉल्व बदलून नवीन. दोन वर्षांनी दुरुस्तीवाल्यांत ५८.८ टक्क्यांमध्ये मध्यम किंवा जास्त लीक परत आलं होतं, बदललेल्यांत ३.८ टक्के. मृत्यूच्या प्रमाणात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. कारण काय, तर दुरुस्ती दाराची झाली आणि बांध ढासळतच राहिला. आमच्याकडे बार्जच्या लाटांनी बांध खाल्ले तेव्हा पण लोक आधी मानशीच्या फळ्याच बदलत होते, कारण फळी बदलायला चार माणसं पुरतात आणि बांधाला पुरत नाहीत. त्यामुळे एखादी पद्धत सिम्युलेटरवर शून्य लीक देते असं कोणी स्लाइडवर दाखवलं की मी हल्ली मनात विचारतो, भिंत कोणाची होती, प्लास्टिकची ना?

माझ्या मोठ्या मावशीला मायट्रलच निघाला, दुसऱ्या प्रकारचा, मागच्या पाकळीची मधली दोरी तुटलेली. सर्जनने सांगितलं की रिपेअर होईल असं वाटतंय, नाहीच जमली तर व्हॉल्व बदलू. मावशीने ते 'वाटतंय' पकडलं. घरी येऊन मला म्हणाली, "वाटतंय म्हणजे काय रे? त्यांनी आधी कोणावर करून बघितलंय की नाही?" मी सांगितलं, बघतात मावशी, माणसांवर तर हजारोंनी झालीत, आणि त्याआधी हात बसावा म्हणून डुकराच्या हृदयावर करतात, ती हृदयं मीच आणून देतो. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "बरं. आणि डुकराला बरं वाटलं का?"

तिला समजावताना मी लॅबचं काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की धातूचा व्हॉल्व बसवला तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि परत परत आयएनआरची रक्ततपासणी, प्राण्याच्या टिश्यूचा बसवला तर तो पंधरा-एक वर्षांत झिजतो, आणि तुझ्या प्रकारात आपलाच दुरुस्त झाला तर यातलं बरंच काही टळतं. आणि सर्जनला विचार की तुम्ही वर्षाला अशा किती दुरुस्त्या करता. हा प्रश्न विचारायला लोक फार संकोचतात. विचारावा. चांगला सर्जन रागावत नाही, आकडा सांगतो. मावशीने विचारला, त्यांनी सांगितला, दुरुस्ती झाली, ती आता शिरोड्याच्या जत्रेला चालत जाते आणि सगळ्यांना सांगते की माझ्या भाच्याने डुकरांवर टेस्टिंग केलेलं.

आपल्याकडे टेस्टिंगची परंपरा नाही असं म्हणणाऱ्यांना मी चित्रा व्हॉल्वचं सांगतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. वलियथन यांच्या टीमने भारतीय कृत्रिम व्हॉल्व बनवायला घेतला, तेव्हा आधीची तीन मॉडेल्स बाद झाली आणि चौथं चाललं, प्लास्टिकच्या चकतीचं. डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या पेशंटला बसवला. आज असले चकतीचे व्हॉल्व मशीनवर ४० कोटी वेळा उघडझाप करून बघावे लागतात, म्हणजे माणसाची साधारण दहा वर्षं. तीन मॉडेल्स फेकून द्यायला जी हिंमत लागते ती मला चौथ्या मॉडेलपेक्षा मोठी वाटते, कारण सरकारी संस्थेत 'झालं नाही' असं कागदावर लिहिणं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र आपली एक वेगळीच पंचाईत आहे. मी जेवढं वाचलंय त्यातल्या लॅब बहुतेक तुटलेली दोरी किंवा पसरलेलं कडं यांच्या मागे असतात, कारण तिकडच्या पेशंटांना तेच होतं, आणि डुकराच्या व्हॉल्वमध्ये ते बनवायला सोपं, एक दोरी कापली की झालं. आपल्याकडे अजून संधिवाताच्या तापाने, रुमॅटिकने, खराब झालेले व्हॉल्व मोठ्या प्रमाणात येतात. लहानपणी घसा दुखला, ताप आला, कोणी लक्ष दिलं नाही, आणि तिशीत पाकळ्या जाड, कडक, कोपऱ्यात चिकटलेल्या, दोऱ्या आखडलेल्या. कार्पेंतिएच्या तिसऱ्या प्रकारातला. हा व्हॉल्व दुरुस्त करणं सगळ्यात कठीण आणि गरज सगळ्यात तरुण लोकांना, ज्यात मुलं व्हायची असलेल्या बायका आल्या, ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळीचा त्रास सगळ्यात जास्त. आणि म्हापशाच्या डुकराला काही रुमॅटिक होत नाही.

मागच्या वर्कशॉपला जेवणाच्या सुटीत मी सरांना हेच म्हटलं, की सगळे आपले मऊ लुसलुशीत व्हॉल्ववर हात बसवतायत आणि उद्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात की बेळगावला टेबलावर येणार तो लाकूड झालेला. ते हातातला भाताचा घास तसाच ठेवून म्हणाले, ग्लुटाराल्डिहाइड. टिश्यूचे व्हॉल्व ज्यात बुडवून टिकाऊ करतात तेच केमिकल, त्याने पाकळी कडक होते. जरा वेळ बुडवायचं, कोपरे दोन टाक्यांनी चिकटवायचे, दोऱ्या आखूड करायच्या, झाला रुमॅटिक. मी म्हटलं सगळा व्हॉल्व बुडवला तर कडं पण कडक होणार, खऱ्यात तसं नसतं, ब्रशने नुसत्या पाकळ्यांना लावूया. ते म्हणतात ब्रशने एकसारखं लागत नाही, मी म्हणतो रुमॅटिक तरी कुठे एकसारखा असतो. वास भयंकर येतो, हॉटेलवाले एसी हॉलमध्ये करू देणार नाहीत हा आणखी एक प्रश्न आहेच. सध्या आमच्या स्टोअरच्या मागच्या पडवीत दोन डबे ठेवलेत, एक बुडवलेला, एक ब्रशचा, आणि बादली कपाटावर चढवायला सर येत्या रविवारी येतायत.